आवड आपली, निवड कोणाची?

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिले होते की चित्राची, गाण्याची किंवा पुस्तकाची आवड कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती पाहून, ऐकून, वाचून घडवावी लागते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे. चित्रे, गाणी आणि लेख आता एआय करून देऊ लागले असताना या घडण्याचे काय होणार, असे वाचक विचारत आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जागा अधिक गेली आहे, कारण मुखपृष्ठे करण्यात माझे स्वतःचे आयुष्य गेले आणि त्या पत्रातले दुखणे मला जवळून कळते.

प्रश्न : मी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले असून सात वर्षांपासून पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठे करते. शनिवार पेठेतला एक वाडा पाडला जातो, त्यावरची कादंबरी एका प्रकाशकांनी माझ्याकडे दिली आणि "एआय वापरा, लवकर होईल" असे सांगितले. कादंबरीतला एक प्रसंग मला फार भिडला होता. पाडकामाच्या आदल्या दिवशी नायिका रिकाम्या देवघरात जाते आणि कोनाड्यातली काजळी तिच्या बोटाला लागते. तरीही मी हाती पेन्सिल न घेता थेट एआयकडे गेले. त्याने दिलेल्या चाळीस चित्रांतून एक निवडले : पाठमोरी स्त्री, वाड्याची खिडकी, सोनेरी संध्याकाळ. प्रकाशक खूश झाले. दोन महिन्यांनी अप्पा बळवंत चौकात दुसऱ्याच एका पुस्तकावर जवळजवळ तीच पाठमोरी स्त्री दिसली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. निवड तर मीच केली होती. मग ते चित्र मला माझे का वाटत नाही? एआय वापरणे सोडून द्यावे का?

उत्तर : लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात आपण साडी घ्यायला बसतो, तेव्हा दुकानदार बघता बघता चाळीस साड्या समोर उलगडून टाकतो. त्यांतली एक आपण उचलतो आणि घरी येऊन "माझी पसंती" म्हणून दाखवतो. ती पसंती खोटी नसते. पण त्या चाळीस साड्या कोणत्या असाव्यात हे दुकानदाराने, त्याच्याही आधी त्याच्या घाऊक व्यापाऱ्याने ठरवलेले असते. तुमच्या बाबतीत हेच घडले. निवडीचा शेवटचा, लहानसा भाग तुमच्याकडे राहिला आणि मोठा भाग आधीच होऊन गेला होता.

तो कोणी केला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चित्रे करणारी ही यंत्रणा शिकते ती असंख्य तयार चित्रांवर. प्रत्येक चित्रात थोडा थोडा ठिपक्यांचा गोंधळ मिसळत जायचे आणि तो गोंधळ उलट दिशेने कसा काढायचा हे यंत्राकडून घोटून घ्यायचे, अशी ती पद्धत आहे. एकदा हे जमले की नुसत्या गोंधळातूनही, आपण दिलेल्या शब्दांना धरून, ते नवे चित्र काढू शकते. २०२२ मध्ये खुला झालेला 'लायन-५बी' हा संग्रह इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्रांचा आणि त्यांच्याशी जोडलेल्या मजकुराचा होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेले 'स्टेबल डिफ्युजन' या संग्रहातल्या चित्रांवर शिकलेले होते. इथपर्यंतची माहिती बऱ्याच जणांना असते. त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काही लोकांना चित्रे दाखवून "हे तुम्हाला किती आवडले" याचे १ ते १० असे गुण देण्यास सांगितले गेले होते. त्या गुणांवरून 'सुंदर' ओळखणारी एक वेगळी प्रणाली तयार झाली, तिने कोट्यवधी चित्रांना गुण दिले आणि शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात ५ किंवा अधिक गुण मिळालेली चित्रे निवडून वापरली गेली. म्हणजे तुमच्यासमोर चाळीस चित्रे आली, त्याच्या आधीच कोणाची तरी आवड त्यांच्यात मुरलेली असते. तुम्ही नेमके कोणते साधन वापरले ते पत्रात लिहिलेले नाही. पण पुष्कळांना पसंत पडेल तेच पुढे करण्याची ओढ आज प्रचारात असलेल्या बहुतेक साधनांत दिसते. सोनेरी संध्याकाळ आणि पाठमोरी स्त्री कोणाला खुपत नाहीत, म्हणून ती वारंवार येतात. शनिवार पेठेत कोनाड्याला काजळी धरते, हे त्या गुण देणाऱ्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

हे पुण्याला अगदीच नवे आहे, असे मात्र नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली येथे चित्रशाळा छापखाना सुरू केला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देवींना जो चेहरा दिला, तो आजही कॅलेंडरांवर आहे. त्याआधी गावोगावच्या चितारी आणि कासार मंडळींच्या हातून उतरणारे वेगवेगळे चेहरे त्या लाटेत मागे पडले. एका साच्यातली प्रतिमा लाखो घरांत गेली की पाहणाऱ्यांचे डोळेही त्या साच्याचे होतात. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की सरस्वतीचा तो चेहरा कोणी ठरवला हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. त्यावर वाद घालता आला, टीका करता आली, दुसऱ्या चित्रकाराला मुद्दाम वेगळा चेहरा काढता आला. तुमच्या पाठमोऱ्या स्त्रीबद्दल भांडायचे कोणाशी?

आता त्या काजळीकडे वळतो. तुमच्या पत्रातली ती एक ओळ वाचून मी थांबलो, कारण मुखपृष्ठ तेथेच होते. जुन्या देवघराचा कोनाडा आठवून पाहा. वर्षानुवर्षे एकाच जागी निरांजन ठेवल्याने भिंतीवर ज्योतीच्याच आकाराची एक काळी जीभ उमटलेली असते. मध्यभागी ती मखमलीसारखी दाट, कडेला तपकिरी आणि वर कमानीपाशी धुरकट होत गेलेली. चुन्याच्या पोपड्यांखालून निळ्या रंगाचा जुना हात डोकावत असतो. आणि तिच्यातून बोट फिरल्याची एक उजळ रेघ. एवढे काढले की पूर्ण वाडा काढण्याची गरज उरत नाही. ही प्रतिमा तुम्हाला आवडलेली होती, तुमच्या मनात होती. पण तिला कागदावर यायला जी दहा-पंधरा मिनिटांची ओढाताण लागते, ती होण्याआधीच चाळीस तयार चित्रे समोर येऊन बसली. तयार चित्रासमोर अर्धवट चित्र नेहमी हरते. तुमची आवड बिघडलेली नाही, तिला बोलण्याची पाळी मिळाली नाही.

म्हणून एआय सोडा असे मी सांगणार नाही. जुन्या फोटोवरचे डाग काढण्यासाठी आणि एकाच रफला, म्हणजे कच्च्या रेखाटनाला, चार रंगसंगती लावून पाहण्यासाठी मीही ते वापरतो. क्रम मात्र बदला. हस्तलिखित वाचून झाल्यावर बटर पेपर आणि पेन्सिल घेऊन बसा, काडेपेटीएवढ्या आकाराचे निदान सहा रफ काढा आणि ते भिंतीला लावल्याशिवाय संगणक उघडू नका. दुसरे म्हणजे एक वही ठेवा आणि तिच्यात जी चित्रे नाकारलीत त्यांची नोंद करा. नाकारण्याचे कारण पूर्ण वाक्यात लिहा. "बरे वाटत नाही" हे कारण धरायचे नाही. "या प्रसंगात पाडकामाची धूळ आहे आणि या चित्रात भिंत नुकती रंगवल्यासारखी दिसते" हे कारण झाले. आमच्या काळी चित्राचा छपाईसाठीचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायला टाकला की पैसे लागत, त्यामुळे रफच्या पायरीवरच स्वतःशी पुष्कळ भांडावे लागे. नाकारायला शिकलो ते त्या काटकसरीमुळे. आता चित्र फुकटात पडते, तेव्हा ते भांडण मुद्दाम उकरून काढावे लागेल.

आणि एखादा दिवस काढून बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. पुण्यात राहून आपण तेथे पाहुण्यांनाच घेऊन जातो. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह, बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दिवे, अडकित्ते, पेट्या, दरवाजे, वाद्ये. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते, त्या त्यांनी उचलल्या. कोथरूडचा मस्तानी महाल तर आणून तेथे पुन्हा उभा केला. अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभ्या राहा. सुपारी कातरायचे एक साधे हत्यार आणि त्याला किती कारागिरांनी किती वेगवेगळे रूप दिले आहे ते पाहा; मग विचार करा की हे सगळे एकत्र आले ते एका माणसाला ते मोलाचे वाटले म्हणून. कोणी गुण दिलेले नव्हते. रुची म्हणतात ती ही, आणि तिच्यासाठी त्या माणसाने आयुष्य वेचले.

व्यवहाराचेही सांगतो. प्रकाशकांकडे रफचे वेगळे पैसे मागा आणि जेथे एआयचे चित्र वापराल तेथे श्रेयपानावर तसे छापायला लावा. पहिल्या मागणीला नकार येईल, तरी मागा.

प्रश्न : मी निवृत्त असून शास्त्रीय संगीताचा श्रोता आहे. मोबाइलवरचे ॲप माझ्या आवडीची गाणी आपणहून लावते आणि ती मला खरोखर आवडतात. मध्यंतरी एका दिवंगत गायकाच्या आवाजात एआयने केलेला अभंग कोणीतरी पाठवला. तो ऐकताना डोळ्यांत पाणी आले आणि खरे कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. माझा कान इतका कच्चा आहे का?

उत्तर : लाज वाटून घेऊ नका. डोळ्यांत पाणी आले ते त्या गायकाचे गाणे आपण आयुष्यभर ऐकले म्हणून. नकलेने आपल्याच आठवणीला हात घातला. आवाज तयार करणाऱ्या यंत्रणा आता एवढ्या हुबेहूब झाल्या आहेत की फसणे हा कानाचा दोष म्हणता येत नाही. दोष आहे तो न सांगता पाठवणाऱ्याचा आणि न विचारता करणाऱ्याचा. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या अर्जावर, त्यांच्या परवानगीशिवाय एआयद्वारे त्यांचा आवाज वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी जानेवारीत ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या मदतीने एका गीतात वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन वापरल्याचे जाहीर केले. तरीसुद्धा मला तो प्रकार मनातून पटलेला नाही, कारण गाणारा माणूस प्रत्येक वेळी काय गायचे नाही हेही ठरवत असतो आणि तो हक्क कुटुंबीयांच्या सहीने पुरा होत नाही. पण विचारणे आणि सांगणे ही किमान पायरी तरी तेथे पाळली गेली.

आपल्या पत्रातला ॲपचा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. आपण जे ऐकले आणि आपल्यासारख्या इतरांनी जे ऐकले, त्यावरून ते पुढचे सुचवते. म्हणजे आपल्या कालच्या आवडीची वाढलेली सावली आज आपल्यापुढे येते. ती आवडणारच. परंतु आपला कान घडला तो कसा, हे आठवून पाहा. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात आपण ज्यांच्यासाठी तिकीट काढले ते गायक रात्री उशिरा बसत आणि त्यांच्या आधी, आपण निवडले नव्हते असे कोणाचे तरी गाणे किंवा सतारवादन ऐकावे लागे. उठून चहाला जाणारे जात. जे बसून राहत, त्यांना सुरुवातीचा कंटाळा ओलांडल्यावर कधीतरी विसाव्या मिनिटाला एखादी जागा अशी लागे की पुढच्या वर्षी ते त्या कलाकारासाठी तिकीट काढत. काव्यशास्त्राचे जुने आचार्य अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी सहृदयाचे, म्हणजे जाणत्या रसिकाचे, वर्णन करताना म्हटले आहे की काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. या वर्णनात अभ्यास शब्द आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ॲप चालू ठेवा. पण आठवड्यातून एक बैठक अशी ठेवा की जी त्याने सुचवलेली नाही, आणि आवडले नाही तरी ती शेवटपर्यंत ऐका.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचे संपादन माझ्याकडे आहे. यंदा बरेच लेख एआयने लिहिलेले वाटतात. ते ओळखणारे एखादे साधन सुचवाल का?

उत्तर : अशा साधनांवर विसंबून शेजाऱ्याला खोटे ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच असे एक साधन आणले होते आणि पुरेसे अचूक नसल्यामुळे जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले. त्यापेक्षा संपादकाचा कान वापरा. "पाऊस म्हणजे केवळ पाणी नव्हे, तर तो आठवणींचा उत्सव आहे" अशी वाक्ये एकामागून एक येऊ लागली, प्रत्येक परिच्छेद सारख्याच लांबीचा झाला आणि लेखात एकाही गल्लीचे, माणसाचे किंवा पदार्थाचे नाव आले नाही, की लेखकाला फोन करा आणि आरोप न करता विचारा : "तुम्ही लिहिलेला तो पाऊस नेमका कुठला? तेव्हा घरात कोण होते?" ज्याने लिहिले आहे तो सांगत सुटेल. ज्याने लिहिलेले नाही, त्यालाही पुष्कळदा खरे काहीतरी आठवते. तेच लिहून द्यायला सांगा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि सोसायटीच्या चाळीस पानी अंकानेही तिचा मान राखावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : एआयकडून करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट कोणाकडे असतो?

उत्तर : आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने असे आले की संगणकनिर्मित कृतीच्या बाबतीत, ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती म्हणजे लेखक. ही तरतूद आजचे एआय येण्याच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे सूचना देणाऱ्या माणसाला ती कितपत लागू होते याचा निवाडा होणे बाकी आहे. अमेरिकेत भूमिका अधिक कडक आहे. कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत २०२२ मध्ये बक्षीस मिळवलेल्या एका एआय-चित्राच्या कर्त्याने निदान ६२४ वेळा सूचना बदलल्याचे सांगितले, तरी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्या कार्यालयाने म्हटले की नुसत्या सूचनांनी माणसाचे पुरेसे नियंत्रण सिद्ध होत नाही. पैशाचा व्यवहार असेल तर करारात स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे. ती उत्तम चित्रे काढत असे. गणपतीच्या सुटीत तिच्या मावसभावाने मोबाइलवर दोन ओळी लिहून मोराचे चित्र करून दाखवले. तेव्हापासून तिने रंगपेटी उघडलेली नाही. "आजोबा, ते माझ्यापेक्षा छान काढतं, मग मी कशाला काढू?" असे ती विचारते. मी तिला काय सांगू?

उत्तर : आपले पत्र वाचून जीव कळवळला. "तूही छान काढतेस" असे तिला सांगू नका. मोबाइलवरचा मोर अधिक गुळगुळीत होता हे तिने पाहिले आहे आणि आपण तिला बरे वाटावे म्हणून बोलतो आहोत हे तिला लगेच कळेल. तिच्याशी वादही घालू नका. तिच्यासमोर अशी वस्तू ठेवा जी यंत्राने पाहिलेलीच नाही. आपला चष्मा. काडी सैल झाल्यामुळे तो टेबलावर एका बाजूला कलंडत असेल, एका काचेवर ओरखडा असेल, नाकाच्या पट्टीवर हिरवट डाग आला असेल. तो टेबलावर ठेवा, शेजारी आपणही कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि दोघे मिळून तोच चष्मा काढा. आपल्याला चित्र येत नसेल तर फारच उत्तम. काढून झाल्यावर "छान" हा शब्द वापरू नका, "दुसरी काच तू थोडी लहान का काढलीस?" असे विचारा. ती म्हणेल की ती मागे गेली आहे म्हणून. किंवा म्हणेल की चुकली. मग खोडरबर मागेल.

चष्म्यानंतर रविवारी सकाळी तिला मंडईत घेऊन जा. वांग्यांच्या ढिगापुढे उभे राहून काढायला लहान मुलीला जागा मिळत नाही, तेव्हा भाजीवाल्या मावशींना विचारून त्यांच्या पाटीशेजारी बसवा. बहुतेक त्या हौसेने बसवतील आणि चित्रात आपला तराजू आला आहे की नाही हेही पाहतील. कागदाच्या मागे तारीख आणि जागा लिहून सगळी चित्रे एका डब्यात ठेवा, बिघडलेलीसुद्धा. दिवाळीनंतर मला पुन्हा पत्र पाठवा आणि चष्म्याच्या दोन्ही चित्रांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडा, आपल्या चित्राचीही.